नागमोडी आई, एकरंगी लेक

बहुरंगी स्वेटरमध्ये एखादा टाका चुकला तर आजूबाजूचे रंग तो पोटात घेतात. एकरंगी स्वेटरमध्ये तशी सोय नाही. खांद्याची उतरण, बगलेचा घेर, विणीतला सैलपणा, सगळं उघडं पडतं. सुया हाती धरणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं. इटलीतल्या मिसोनी या फॅशन घराण्यातल्या मायलेकींचं काम पाहताना मला ते हमखास आठवतं.

आई रोझिता. त्यांच्या माहेरी शालींचा कारखाना होता. नवरा ओत्ताव्हिओ १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावलेले. १९५३मध्ये लग्न झालं आणि मिलानजवळच्या गाल्लाराते गावात दोघांनी विणकामाची यंत्रं मांडली. सुरुवातीला त्यांवर नुसते पट्टे निघत. मग शालींसाठी वापरलं जाणारं राशेल यंत्र त्यांनी कपड्यांसाठी घेतलं. त्यात उभे धागे एका पट्टीतून सुयांकडे येतात. ती पट्टी दर ओळीला सुईसुईने डावीकडे सरकते, मग उजवीकडे परतते. मिसोनींची प्रसिद्ध नागमोड ही अशी धाग्याची चाल आहे. वरून छापलेली नक्षी नव्हे. कापड डोळ्यांजवळ धरलं की एकेक रंग टोकापर्यंत चढताना आणि तिथून उतरताना दिसतो.

१९६७मध्ये फ्लोरेन्सच्या पित्ती महालात त्यांचा फॅशन शो होता. झिरझिरीत ब्लाउजखालून अंतर्वस्त्रं दिसायला लागली, म्हणून रोझितांनी मॉडेलना ती काढायला सांगितलं. दिव्यांच्या झोतात कापड पारदर्शक झालं. गहजब उडाला, पुढचं आमंत्रण आलं नाही.

अशा घरातली लेक अँजेला. नव्वदच्या दशकात त्यांनी स्वतःच्या नावाने कपडे काढले ते जवळजवळ एकरंगी, साधे, अंगाबरोबर बसणारे. आईने आयुष्यभर जे जमवलं, नेमकं तेच वजा केलेले! रोझितांना मात्र त्यात मिसोनीचं पुढचं रूप दिसलं आणि १९९७मध्ये त्यांनी डिझाइनचा कारभार लेकीच्या हाती दिला. मला त्यांचा हा निर्णय नागमोडीपेक्षाही मोठा वाटतो. रंग काढून घेतल्यावरही वीण आपलीच आहे, हे ओळखायला फार तयार नजर लागते.

पुढे अँजेलांनी नागमोड परत आणली, पण हलकी आणि अंगाबरोबर बसणारी. रोझिता घरगुती वस्तूंकडे वळल्या. उशा, टॉवेल, गालिचे यांवर त्यांनी आपले सगळे रंग पुन्हा मनसोक्त उधळले.