‘लय दुखते’च्या पुढचं बोलणं

सोयाबीनची सोंगणी आटोपते न आटोपते तोच बुलढाणा जिल्ह्यात कापसाची वेचणी सुरू होते. कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकलेल्या बाईची कंबर दुखली तर नवल नाही. पण तीन महिने उलटले तरी दुखणं जात नसेल, तर वैद्यकशास्त्र त्याला दीर्घकालीन वेदना म्हणतं. बाई दवाखान्यात सांगते, “डाक्टरसाहेब, लय दुखून राह्यलं.” कधीपासून? “लय दिवसांपासून.” तोवर पुढचा नंबर पुकारला जातो. ६७ देशांची माहिती तपासणाऱ्या २०१७ च्या अभ्यासात असं दिसलं, की जगातल्या निम्म्या लोकांना प्राथमिक उपचारांच्या डॉक्टरांकडे सरासरी पाच मिनिटं किंवा त्याहूनही कमी वेळ मिळतो. तेवढ्यात काय बोलायचं, ते घरून ठरवून निघावं.

वेदना मोजणारं यंत्र नाही. रुग्णाचं सांगणं हीच मुख्य तपासणी. ‘लय’ऐवजी ‘कसं’ सांगितलं तर डॉक्टरांना दिशा मिळते. आग होते, मुंग्या येतात, करंट लागल्यासारखी कळ मांडीतून पायात उतरते, तर नसेचं दुखणं असू शकतं. सकाळी सांधे अर्ध्या तासाहून जास्त आखडलेले राहतात आणि हालचालीनं मोकळे होतात, तर सुजेच्या संधिवाताची शंका येते. कामानं ठणकतं आणि विसाव्यानं उतरतं, ते बहुधा झिजेचं किंवा ताणाचं. तिन्हींची औषधं वेगळी. ‘दहापैकी किती दुखतं?’ हा प्रश्न मला शेतातल्या माणसासाठी कोरडा वाटतो. किती वेळ उकिडवं बसता येतं, पाण्याची कळशी उचलवते का, रात्री जाग येते का, ही उत्तरं जास्त बोलकी असतात.

डॉक्टरांच्या बाजूनं सर्वांत जास्त बिघडतं ते एका वाक्यानं: “रिपोर्ट नॉर्मल आहे, काही नाही.” रुग्णाला ऐकू येतं, ‘तू ढोंग करतेस.’ खरं तर फोटो आणि दुखणं यांचा मेळ बसेलच असं नाही. काहीच दुखत नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही मणक्याची झीज सर्रास दिसते. उलट जुन्या दुखण्यात नसा आणि मेंदू इतके हळवे होतात, की इजा भरली तरी वेदना उरते. हे दोन वाक्यांत सांगता येतं. नसेच्या दुखण्यावर अॅमिट्रिप्टिलिन दिलं, तर ते नैराश्यावरही वापरतात आणि इथे वेदनेसाठी दिलंय, हेही आधीच सांगावं. नाहीतर मेडिकलवाला काही बोलतो आणि ‘मला येड्याची गोळी दिली’ म्हणून ती बंद होते.

या जिल्ह्यात एक गोष्ट मात्र न विचारता चालणारच नाही: दुखण्यावर आधीच कोणत्या गोळ्या चालू आहेत? पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, विशेषतः संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत, किडनीच्या आजाराची तक्रार जुनी आहे. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांनी किडनीचा रक्तपुरवठा कमी होतो. उन्हात पाणी कमी पडलं, की धोका वाढतो. रुग्ण मात्र मेडिकलवरची खुली गोळी किंवा गावात घेतलेली सुई सांगत नाही, कारण डॉक्टर रागावतील ही भीती. म्हणून डॉक्टरांनी रागावू नये, आणि रुग्णानं लपवू नये.

दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. वेदनाशामक महिनोन्‌महिने चालू असेल, तर किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन कधी तपासायचं ते विचारा. आणि पायातली ताकद अचानक गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर नंबरची वाट न बघता त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.