पाण्यातला गोंद पावसात का सुटत नाही?

गोंदिया हे नाव गोंदावरून पडलं, असं इकडे सांगतात. जंगलातली गोंड माणसं डिंक आणि लाख घेऊन इथे विकायला यायची, म्हणून. व्युत्पत्ती खरी की खोटी ते भाषापंडितांनी ठरवावं. माल मात्र खरा आहे. देवरीहून छत्तीसगडच्या हद्दीकडे निघालं की राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या दोन्ही अंगांना पळस दिसत राहतो, आणि पळस म्हणजे लाखेच्या किड्याचं घर.

डिंक आणि लाख स्वभावाने अगदी उलटे. डिंक पाण्यात विरघळतो, वाळला की धरतो, भिजला की सोडतो. पाकिटावरचं तिकीट वाफेवर धरून काढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. लाख पाण्याला भीक घालत नाही. विळ्याला मूठ बसवताना लाकडाच्या भोकात लाखेची भुकटी भरतात आणि विळ्याची तापवलेली शेपटी आत खुपसतात. लाख वितळते, निवते, आणि धानाच्या बांधीतल्या चिखलातही मूठ हलत नाही. वाकायचं म्हटलं की मात्र लाख तडकते.

बुटाच्या तळव्याला नेमकं हेच चालत नाही. तळवा पावलागणिक वाकतो, दिवसातून हजारो वेळा. तिथे लागतो तो पॉलीयुरेथेन. १९३७ साली जर्मनीतल्या लेव्हरकुसेनला ऑटो बायर या रसायनशास्त्रज्ञाने तो शोधला. (बायर कंपनीतलाच माणूस, पण कंपनीच्या मालकांचा कुणी नव्हे, आडनाव तेवढं एक.) या पदार्थाची लांब साखळी मासे धरायच्या जाळ्यासारखी असते: मधला दोरा सैल, गाठी टणक. ताण आला की दोरा लांबतो, गाठी घसरू देत नाहीत. लवचीकपणा आणि टिकाऊपणा एकाच पदार्थात येतो तो असा.

अडचण होती हा गोंद पातळ करण्याची. टोल्यूइन, ॲसिटोन, एमईके अशी उडून जाणारी द्रावकं त्यासाठी वापरत. चप्पल शिवणारे ज्याला ‘सोल्यूशन’ म्हणतात त्याचा तो डोक्यात जाणारा वास या द्रावकांचा. वासापुरतं असतं तरी एक वेळ चाललं असतं. इस्तंबूलच्या चप्पल-कामगारांमध्ये बेंझीन या द्रावकामुळे रक्ताचा कर्करोग होतो, हे डॉ. मुजफ्फर अक्सॉय यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं. हेक्झेन या आणखी एका द्रावकाच्या वाफेने जपान-इटलीतल्या कारागिरांच्या हातापायांच्या नसा गेल्या. आगीची भीती वेगळीच. लाक्षागृहाची गोष्ट ऐकत वाढलेल्यांना ती सांगावी लागू नये.

मग द्रावक काढून पाणी घालायचं. पण पॉलीयुरेथेन पाण्यात मिसळत नाही, आणि मिसळेल असा केला तर पहिल्याच पावसात तळवा हातात येईल. या पेचावरची युक्ती लाखेला फार पूर्वीपासून लागू आहे. पाण्यात टाकणखार घालून उकळलं की हट्टी लाख त्यात विरघळते. काजळी, लाख आणि टाकणखार यांची शाई आपल्याकडच्या पोथ्यांना वापरलेली आहे. लाखेच्या रेणूत आम्लाचे गट असतात. क्षार भेटला की त्यांच्यावर विद्युतभार येतो आणि पाणी त्यांना जवळ करतं. क्षार म्हणून अमोनिया घेतला तर आणखी मजा: वाळताना अमोनिया उडून जातो आणि मागे पाण्याला दाद न देणारी लाख उरते.

पॉलीयुरेथेनच्या साखळीतही असेच आम्लाचे थोडे गट मुद्दाम गुंफतात आणि अमाइन नावाच्या क्षाराने ते शमवतात. मग जोरात ढवळत पाणी घातलं की दुधासारखं पांढरं मिश्रण तयार होतं. त्यातले कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे. सगळ्यांवर सारखाच ऋणभार, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि गुठळी होत नाही. तळव्यावर लावलं की पाणी उडतं, अमाइनही बहुतेक निघून जातं. कण दाबले जातात, साखळ्या एकमेकींत गुंततात, दूध पारदर्शक होतं. परतीची वाट बंद. वरून कितीही पाणी ओता, त्याचं पुन्हा दूध होत नाही.

कारखान्यात हा वाळलेला थर साधारण साठ अंशांना तापवतात. मगच तो चिकट होतो, आणि दोन भाग दाबून जोडता येतात. इथे विदर्भाचा मे आडवा येतो. उन्हात उभ्या गाडीच्या बंद केबिनमध्येही तापमान साठच्या घरात जातं. जोडताना जी उष्णता हवी तीच पुढे सांधा सैल करू शकते! म्हणून वापरण्याआधी गोंदात आयसोसायनेटचं थोडं हार्डनर मिसळतात. साखळ्या एकमेकींना कायमच्या बांधल्या जातात आणि सांधा मे महिना काढतो. हे मिश्रण काही तासांतच वापरून संपवावं लागतं.

जुलै वेगळा छळतो. हवेतच पाणी भरलेलं असताना गोंदातलं पाणी उडायला वेळ लागतो, म्हणून कारखान्यांत गरम हवेचे बोगदे असतात. त्यांचं वीजबिल हीच या गोंदाची खरी किंमत.

देवरीच्या रस्त्याकडेला बसणाऱ्या कारागिराकडे ना बोगदा ना भट्टी; त्याच्यापाशी ऊन आणि हातोडी. त्यामुळे त्याचा डबा अजून सोल्यूशनचाच आहे, आणि त्याला पर्याय देणारा पाण्याचा गोंद अजून त्याच्या पेटीपर्यंत आलेला नाही. तुमच्या घरी सोल्यूशनचा डबा असेल, तर तो बंद खोलीत उघडू नका; अंगणात, चुलीपासून लांब बसून लावा.