सांगलीत साडेसहा, हॅमिल्टनमध्ये दोन

सकाळी ८ (सांगलीत रात्रीचे साडेबारा)

शनिवार, १२ मार्च २०२२. न्यूझीलंडमधल्या महिला विश्वचषकात भारताचा तिसरा सामना, वेस्ट इंडीजशी, हॅमिल्टनच्या सेडन पार्कवर. खेळ सुरू व्हायला अजून सहा तास. दिवसरात्रीच्या सामन्यात सलामीच्या फलंदाजाला सगळ्यात जड जाते ती ही सकाळ. खायचं बेतानं, झोपायचं नाही आणि डोक्यात सामना आधीच खेळून संपवायचा नाही. त्यातून दोनच दिवसांपूर्वी याच मैदानावर न्यूझीलंडनं भारताला ६२ धावांनी हरवलेलं. सलामीची स्मृती मानधना त्यात ६ धावांवर बाद. संथ फलंदाजीबद्दल सगळीकडून बोल लागलेले.

शिवाय हा कोविडचा विश्वचषक. अकरा जणी उभ्या राहू शकल्या नाहीत तर नऊ जणींवर सामना खेळवायची तरतूद आयसीसीनं केली होती. फेब्रुवारीत संघ क्वीन्सटाउनला न्यूझीलंडशी खेळत होता, तेव्हा स्मृती, मेघना सिंग आणि रेणुका सिंग विलगीकरणात अडकल्या होत्या. मालिकेतले पहिले तीन एकदिवसीय सामने स्मृतीला खेळता आले नाहीत. खेळाडूच्या कारकिर्दीचे आकडे छापतात त्यात या कोंडलेल्या दिवसांना रकाना नसतो, पण कामाचे दिवस तेही असतात.

दुपारी १२

न्यूझीलंडचं ऊन फसवं. हवा गार, पण किरण भाजून काढतात. तोंडाला जाड थर लावून मुली मैदानात उतरतात. धावणं, झेल, मग बॅट.

स्मृती मूळची उजव्या हाताची, बॅट मात्र डावखुरी. वडील श्रीनिवास आणि भाऊ श्रवण दोघेही सांगली जिल्ह्याकडून खेळलेले. भावाचं पाहून माधवनगरची ही मुलगी खेळाकडे वळली आणि नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालच्या संघात आली. २०१३ मध्ये बडोद्याला गुजरातविरुद्ध तिनं १९ वर्षांखालच्या एकदिवसीय सामन्यात नाबाद २२४ केल्या. तिच्या नजाकतीचं कौतुक सगळेच करतात. मला तिची खरी ताकद वेगळी वाटते : अपयशानंतर ती पुढच्या सामन्यात बिचकत नाही.

दुपारी १.३० (सांगलीत सकाळी सहा)

नाणेफेक जिंकून मिताली राजनं फलंदाजी घेतली. विश्वचषकात कर्णधार म्हणून हा तिचा २४वा सामना. ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कचा २३ सामन्यांचा विक्रम इथे मागे पडला.

दुपारी २

यास्तिका भाटियानं २१ चेंडूंत ३१ करून गुरुवारच्या टीकेला उत्तर दिलं. सलामीला ४९. मग ती गेली, मिताली गेली, दीप्ती शर्मा गेली. चौदाव्या षटकात ३ बाद ७८. गुरुवारचीच गत होणार, असं सांगलीत सकाळच्या चहाला टीव्हीपुढे बसलेल्यांना वाटलं तर नवल नव्हतं.

इथून पुढचे दोन तास म्हणजे या पेशाचं मर्म. हरमनप्रीत कौर आली. एक डावखुरी, एक उजवी. प्रत्येक एकेरी धावेनंतर गोलंदाजाला टप्पा आणि दिशा बदलावी लागते, क्षेत्ररक्षण हलवावं लागतं. ऑफस्पिनचा जो चेंडू उजव्या फलंदाजाच्या आत येतो तोच डावखुऱ्यापासून बाहेर जातो. हेली मॅथ्यूज आणि अनिसा महंमद दोघी ऑफस्पिनर. दोघींना सूर सापडू द्यायचा नाही, हे काम या जोडीनं एकेरी-दुहेरी धावांनी केलं आणि मोठे फटके जम बसेपर्यंत राखून ठेवले. टीव्हीवर चौकार-षटकार पुन्हा पुन्हा दाखवतात, पण डाव उभा राहतो तो मधल्या षटकांतल्या या धावपळीवर.

भागीदारी १८४ धावांची. स्मृती ११९ चेंडूंत १२३, हरमनप्रीत १०७ चेंडूंत १०९. २०१७ ला टाँटनमध्ये स्मृतीनं नाबाद १०६ केल्या त्याही वेस्ट इंडीजविरुद्धच. भारत ८ बाद ३१७, विश्वचषकातली तोवरची भारताची सर्वोच्च धावसंख्या.

संध्याकाळी ६

शतक ठोकून आलेल्या बाईला पाय पसरून बसायची सवलत नाही. पुन्हा मैदान, पुन्हा पन्नास षटकांची तयारी. समोर डिअँड्रा डॉटिन आणि मॅथ्यूज अशा सुटल्या की तेरा षटकांच्या आतच बिनबाद शंभर. मग स्नेह राणानं ६२ वर डॉटिनला परत पाठवलं आणि पुढचे सगळे गडी आणखी ६२ धावांत आटोपले. स्नेहचे तीन बळी, फेब्रुवारीत विलगीकरणात अडकलेल्या मेघनाचे दोन. सूर्य मावळून दिव्यांच्या उजेडात खेळ चालू असताना झूलन गोस्वामीनं अनिसाला बाद केलं. विश्वचषकातला तिचा ४०वा बळी. ऑस्ट्रेलियाच्या लिन फुलस्टनच्या ३९ बळींचा जुना विक्रम मोडला. भारत १५५ धावांनी विजयी.

सामन्यानंतर

सामन्याची मानकरी स्मृती. शतक दोघींचं, मग मानही दोघींचा, म्हणून तिनं तो हरमनप्रीतसोबत वाटून घेतला. मला ही त्या दिवसातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

आता मोबदल्याचं. याच न्यूझीलंडमध्ये १९८२ ला विश्वचषक झाला, तेव्हा जायला प्रत्येकीकडून दहा हजार रुपये मागितले होते आणि मुंबईच्या चौघींचे पैसे तेव्हाचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या मदतीनं उभे राहिले, असं त्या संघातल्या डायना एडुलजी यांनी सांगितलं आहे. चाळीस वर्षांनी हॅमिल्टनमध्ये मुलींना पदरचं घालावं लागलं नाही, हा बदल मोठा. पण त्या दिवसाचं सामना मानधन एक लाख रुपये होतं आणि पुरुषांचं सहा लाख. षटकं तितकीच, ऊन तेच.

जुलै २०२२ मध्ये न्यूझीलंडनं महिला-पुरुषांचं सामना मानधन समान केलं. बीसीसीआयनं तसाच निर्णय २७ ऑक्टोबरला जाहीर केला. वार्षिक कराराचं काय? हॅमिल्टनच्या त्या हंगामात पुरुषांच्या सर्वोच्च श्रेणीला सात कोटी आणि महिलांच्या सर्वोच्च श्रेणीला पन्नास लाख मिळत होते. ही दरी बुजेपर्यंत समान मानधन झालं असं म्हणणं अर्धवट आहे.