कारखान्याचे स्थलांतर : बचत कोणाची?

खर्च वाचविण्यासाठी मोटारसायकलींचा कारखाना दुसरीकडे हलविण्याची भाषा पुण्याकडे निघाली, की तिची झळ भुसावळपर्यंत येण्यास फार दिवस लागत नाहीत. आमच्या शहरात मोटारसायकल तयार होत नाही हे खरे; परंतु ती तयार करणाऱ्या हातांत खानदेशचे हात पुष्कळ आहेत. आयटीआयचे प्रमाणपत्र खिशात घालून वाळूजची किंवा चाकणची वाट धरलेला मुलगा भुसावळ, यावल, रावेर या तालुक्यांत गावोगाव सापडेल.

तरीही भुसावळकरांस या प्रश्नाची धार चटकन जाणवत नाही, आणि त्यास कारण आहे. हे गाव रेल्वेने वाढविले. वाफेची इंजिने गेली, विजेची आली, परंतु जंक्शन जागचे हलले नाही. वरणगावचा दारूगोळ्याचा कारखाना आणि दीपनगरचे वीजकेंद्र ही दोन्ही सरकारी मालकीची. करसवलत पाहून परप्रांती जाणारा धंदा कसा असतो, याची कल्पना अशा गावाला सहसा येत नाही.

ती यावी म्हणून बजाज ऑटोच्या आकुर्डी येथील कारखान्याचे उदाहरण घ्यावे. १९६० नंतरच्या दशकात वाढलेला हा कारखाना पिंपरी-चिंचवडच्या भरभराटीचा एक मोठा आधार होता. सप्टेंबर २००७ मध्ये तेथील वाहनांचे उत्पादन थांबविण्यात आले. सुमारे २,७०० कामगारांचा प्रश्न उभा राहिला. कंपनीने त्यांचे वेतन चालू ठेवले, मात्र काम थांबले, आणि स्वेच्छानिवृत्तीची योजना पुढे आली. शंभर वा अधिक कामगारांचा कारखाना कायमचा बंद करावयाचा तर शासनाची पूर्वपरवानगी घ्यावी, असे तेव्हाचा कायदा सांगत होता. २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेने ती मर्यादा तीनशेवर नेली.

आकुर्डीत माल महाग का पडत होता? महापालिकेची जकात होती, जुन्या कामगारांचे वाढत गेलेले वेतन होते. चाकण महापालिकेच्या हद्दीबाहेर असल्याने तेथे जकात नव्हती. आणि उत्तराखंडातील पंतनगर येथे तर केंद्र सरकारने २००३ साली जाहीर केलेल्या योजनेनुसार उत्पादन शुल्क दहा वर्षे पूर्ण माफ होते. कंपनीचा पंतनगरचा कारखाना २००७ सालीच सुरू झाला. आता यात खरोखर वाचले ते काय? पंतनगरला पोलाद काही स्वस्त मिळत नव्हते. तयार गाडी दक्षिणेकडे पाठवावयाची तर अंतर उलट वाढले होते. स्वस्त झाला तो कर, म्हणजे सरकारी तिजोरीत जो पैसा यावयाचा तो आला नाही. शाळेत आम्ही मुलांना हातचा विसरू नका म्हणून बजावीत असू. या हिशेबात हातचा विसरला जात नाही, तो दुसऱ्याच्या वहीत लिहिला जातो. काही सरकारच्या, काही कामगाराच्या.

असे असले तरी स्थलांतर म्हणजे सरसकट पाप, असे म्हणण्याचा अधिकार खानदेशास नाही. १९८५ साली याच कंपनीचा कारखाना वाळूजला उभा राहिला, तो मागास भागांत उद्योग जावेत म्हणून महाराष्ट्राने १९६४ पासून दिलेल्या प्रोत्साहनांच्या धोरणाचेच फळ होय. पुण्याभोवतीची गर्दी तेवढी कमी झाली आणि मराठवाड्याच्या घरांत पगार आला. उद्या असा एखादा कारखाना भुसावळच्या औद्योगिक वसाहतीत येऊ म्हणाला, तर आपण स्वागताची कमान उभारू. तो कोणाच्या दारातून उठून आला, हे विचारणारे थोडेच निघतील. तेव्हा प्रश्न कारखाना हलावा की न हलावा हा नसून, हलण्याने जी बचत होते तीत कोणाचा वाटा आणि जे नुकसान होते ते कोणाच्या माथी, हा आहे.

या प्रश्नाला २०१३ साली चाकणच्या कामगारांनी एक विलक्षण उत्तर दिले होते. पन्नासएक दिवसांच्या त्या संपात त्यांची एक मागणी अशी होती की, प्रत्येक कामगारास कंपनीचे ५०० समभाग एक रुपया दराने द्यावेत. मागणीची थट्टा झाली. कंपनीने उत्पादनाचा काही भाग अन्य कारखान्यांकडे वळविण्याचे सूतोवाच केले, आणि ऑगस्टमध्ये संप मागे घेतला गेला तो समभाग पदरात न पडताच. एक रुपयाचा दर टिकण्यासारखा नव्हताच. परंतु ज्यांनी तेव्हा हसून घेतले त्यांनी अमळनेरला एकदा जाऊन यावे. १९४५ साली तेथे वनस्पती तुपाचा आणि तेलाचा कारखाना काढणारी कंपनी पुढे विप्रो झाली, संगणकाच्या धंद्यात शिरली, तिचे मुख्यालय बंगळुरूला गेले. धंद्याचा मध्यबिंदू गावातून हलला. पण गावातल्या ज्या साध्यासुध्या कुटुंबांनी तिचे समभाग घेऊन जपून ठेवले, त्यांची संपत्ती कंपनीबरोबर वाढत गेली. ज्यांच्याजवळ केवळ मजुरी होती, त्यांना कंपनीमागे बंगळुरूला जाता आले नाही. भांडवल प्रवास करते. चाळिशी उलटलेला, मुले शाळेत घातलेला, घराचे हप्ते फेडणारा फिटर करू शकत नाही. चाकणच्या कामगारांनी हे ओळखले होते, एवढे श्रेय त्यांस दिले पाहिजे.

आकुर्डीला चाके पुन्हा फिरू लागली, हेही सांगावयास हवे. विजेवर चालणाऱ्या चेतक स्कूटरचा कारखाना जून २०२२ मध्ये तेथेच सुरू झाला. गुंतवणूक सुमारे ३०० कोटी, वर्षाला पाच लाख गाड्या करण्याची क्षमता, आणि योजिलेली माणसे सुमारे ८००. गाड्यांचा आणि माणसांचा हा मेळ वाचकांनीच पाहावा. यंत्रे आली म्हणून कोणी छाती पिटण्याचे कारण नाही. पण कारखाना परत आला म्हणजे रोजगारही परत आला, असे मानून चालणार नाही.

आमच्या मुलांची गत तर याहून नाजूक आहे. वेतन चालू ठेवणे, स्वेच्छानिवृत्तीची रक्कम, या गोष्टी कायम कामगारांच्या. कंत्राटी म्हणून वा शिकाऊ म्हणून लागलेल्या मुलाला कारखाना हलल्याची वार्ता कळते ती दुसऱ्या दिवशी गेटावर, आणि तो भुसावळची गाडी पकडतो.

म्हणून खानदेशातील आमदार-खासदारांकडे आमचे मागणे आहे. उद्योगांना जमीन, वीज आणि करांत सवलत अवश्य द्यावी. मात्र ती देताना झालेला करार प्रसिद्ध करावा. मुदतीपूर्वी कारखाना हलविला तर सवलतीची रक्कम परत करण्याचे कलम त्यात असावे. हलविण्याची सूचना किमान एक वर्ष आधी द्यावी. आणि त्या वेळी कामावर असलेल्या प्रत्येकास, मग तो कायम असो वा कंत्राटी, नव्या ठिकाणी जाण्याचा हक्क व प्रवास-बिऱ्हाडाचा खर्च मिळावा. जळगाव व भुसावळच्या वसाहतींत यापुढे जो पहिला मोठा कारखाना येईल, त्याच्या करारात ही कलमे घातली गेली की नाही, याची विचारणा आम्ही करणार आहोत.