रुळावर कामाला जाणाऱ्या माणसाच्या घरातली पिशवी

मैत्रिणींनो, आपल्या तीर्थपुरीत रेल्वे नाही. गाडी धरायची तर परतूर नाहीतर जालना गाठावं लागतं. तरी रेल्वेच्या कामावर आपल्याकडची माणसं जातातच. एखादा कायम नोकरीत गँगमन असतो, पण जास्त करून ठेकेदाराच्या हाताखाली जातात. गिट्टी टाकायची, स्लीपर बदलायचे, विजेच्या तारांसाठी खांब उभे करायचे. जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. अशी कामं निघाली की मुकादम गावोगाव माणसं शोधत फिरतो.

रूळ म्हणजे धोका, हे आपल्याला सांगायला नको. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली १६ मजूर गेले. जालन्याच्या स्टील कारखान्यातले, लॉकडाऊनमध्ये पायी मध्य प्रदेशाकडे निघालेले, थकून रुळावरच झोपलेले. ते कामावर नव्हते. रुळावर काम करणाऱ्याचं मात्र रोजचंच तिथे असतं.

कामावर गेलेल्या माणसाला आपण फोनवर विचारतो, जेवलात का, पगार झाला का. ठेकेदाराचं पूर्ण नाव काय, काम रेल्वेच्या कोणत्या विभागाचं, कोणत्या दोन स्टेशनांच्या मधे चालू आहे, हे विचारत नाही. अपघात झाल्यावर पहिली गरज ह्याच माहितीची पडते, आणि सांगणारा माणूस तेव्हा दवाखान्यात बेशुद्ध असतो. म्हणून एक कापडी पिशवी करा. त्यात हे सगळं लिहिलेला कागद, दोघांच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स, रेशनकार्ड, बँक पासबुक, मुलांचे जन्मदाखले ठेवा. हजेरी कार्ड किंवा ओळखपत्र मिळालं असेल तर त्याची झेरॉक्स. काहीच मिळालं नसेल तर कामावर हेल्मेट-जाकीट घातलेला फोटो मोबाईलवर मागवून घ्या. मजुरी बँकेत जमा होत असेल तर उत्तम, तो पुरावा कुणाला पुसता येत नाही.

अपघात झालाच तर आधी १०८. दवाखान्यात नाव नोंदवताना 'कामावर, रुळावर, अमुक वाजता लागलं' असंच लिहून घ्या आणि पोलिसांना कळवायची एम.एल.सी. नोंद झाली का ते विचारा. 'घरी पडला म्हणा, लवकर भरती करून घेतील' असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. ऐकू नका. त्या एका वाक्याने पुढचा सगळा हक्क अडचणीत येतो. उपचाराच्या खर्चासाठी योजनेतल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला गाठा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. चौकशीचा नंबर १५५३८८. माणूस रेल्वेच्या कायम नोकरीत असेल तर त्याचं 'उमीद' वैद्यकीय कार्ड घरातल्या सगळ्यांचं निघालंय का, ते आजच बघा.

आता भरपाईचं. कामावर इजा झाली तर मालकाने भरपाई द्यायची, हा कायदा १९२३ पासून आहे. आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. हिशोब असा असतो. मृत्यू झाला तर महिन्याच्या मजुरीच्या निम्मी रक्कम घ्यायची आणि वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायची. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर निम्म्याऐवजी ६० टक्के. समजा वय ३५, मजुरी १२,००० रुपये. त्या वयाचा आकडा १९७.०६. म्हणजे मृत्यूला ११,८२,३६० आणि पूर्ण अपंगत्वाला १४,१८,८३२ रुपये. हा हिशोब मुद्दाम मांडून दाखवला, कारण दारात येऊन कुणी पन्नास हजार ठेवले की आपल्याला ते फार वाटतात.

माणूस ठेकेदाराचा असला तरी ज्याचं काम, त्या मूळ मालकाकडे म्हणजे रेल्वेकडे भरपाई मागता येते. 'त्याचीच चूक होती' हे कारण मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाच्या बाबतीत चालत नाही. मृत्यूची भरपाई कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. ठेकेदाराने घरी येऊन हातात पैसे दिले म्हणजे मिटलं, असं होत नाही. दाव्याला दोन वर्षं होऊ देऊ नका. वकिलाच्या फीची काळजी करू नका. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. फोन १५१००. एक गोंधळ नेहमी होतो: रेल्वे दावा न्यायाधिकरण हे गाडीतल्या प्रवाशांसाठी आहे, कामावरच्या मजुराचा दावा तिथे जात नाही.

दोन गोष्टी अपघाताआधीच कराव्या लागतात. पहिली, बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी. रेल्वेमार्गाचं कामही बांधकामातच धरतात, हे पुष्कळ जणींना माहीत नसतं. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नोंदणी जिवंत असेल आणि कामावर मृत्यू झाला तर वारसाला ५ लाख मिळतात. दुसरी, बँकेतला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा. अपघाती मृत्यूला २ लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेला तर १ लाख. हप्ता मे महिन्यात खात्यातून कापला जातो. तेव्हा खात्यात २० रुपये नसतील तर १ जूनपासून विमा नाही. मे महिन्याच्या बैठकीत बँक सखीकडून प्रत्येकीने पासबुकाची नोंद बघून घ्यावी, आणि वारस म्हणून कुणाचं नाव लागलंय तेही. लग्नाआधी काढलेल्या खात्यावर अजून सासूबाईंचंच नाव असतं.

दवाखान्यातले पहिले आठ दिवस घर कसं चालणार, हे गटाने बघायचं. भरपाई यायला महिने लागतात. ग्रामसंघाच्या जोखीम प्रवणता निधीतून किंवा गटाच्या अंतर्गत कर्जातून त्याच दिवशी पैसे निघावेत, म्हणून तसा ठराव आधीच करून ठेवा. सही कोण करणार तेही त्यात लिहा. आणि कोऱ्या कागदावर अंगठा मागायला कुणी आलं, तर घरातल्या बाईजवळ गटातली एक वाचता येणारी बाई बसलेली असू द्या. 'वाचून सांगते, मग बघू' एवढं तिने म्हटलं तरी तो माणूस कागद परत पिशवीत घालतो.