आधी भोंगा, मग भूकंप!

जिना चढता चढता धाप लागली? घाबरू नका, तुम्ही मेक्सिको सिटीत आहात. आपलं कळसूबाई शिखर १६४६ मीटर उंच, आणि हे अख्खं शहर २२४० मीटरवर! हवा विरळ, म्हणून दर श्वासाला ऑक्सिजनही कमी. नव्या पाहुण्याची सुरुवातीला अशीच दमछाक होते, मग शरीर सरावतं.

समजा, विद्यार्थी-अदलाबदल योजनेतून तुम्ही वर्षभर इथं शिकायला आलात आणि एका मेक्सिकन कुटुंबात राहताय. सकाळी तव्यावर तोर्तिया फुगत असतात, म्हणजे मक्याच्या पातळ पोळ्या. नुसत्या मक्याच्या पिठाची भाकरी थापायला गेलं की कडा फाटतात. तोर्तियाची मात्र घडी घाला, गुंडाळी करा, मोडायचं नाव नाही. याचं गुपित आहे चुना! मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर त्यातच ठेवतात. दाण्यांची सालं सुटतात, वाटलेलं पीठ चिकट होतं, आणि एरवी मक्यात अडकून राहणारं एक ब जीवनसत्त्व शरीराला मिळू लागतं. जीवनसत्त्व हा शब्दही जगात नव्हता, तेव्हापासून तिथल्या बायका हे करत आल्या आहेत.

शाळेला मेट्रोनं जा. स्पॅनिश वाचता येत नाही? काही बिघडत नाही, प्रत्येक स्टेशनला स्वतःचं चित्र आहे. चापुल्तेपेकला उतरायचं असेल तर नाकतोडा शोधायचा!

वाटेत काही जुन्या इमारती तिरक्या दिसतील. चष्मा पुसू नका, त्या खरंच कलल्या आहेत. पूर्वी इथं तेस्कोको नावाचा मोठा तलाव होता आणि त्यातल्या बेटावर अझ्टेकांची राजधानी. पुढे स्पॅनिश राज्यकर्त्यांनी तलावाचं पाणी काढून टाकायला घेतलं. आजच्या शहराचा बराच भाग त्या तलावाच्या तळावर, मऊ गाळावर उभा आहे. त्यात शहराला प्यायला जमिनीखालचं पाणी उपसायचं, मग गाळ दबणारच. काही भाग तर वर्षाला ५० सेंटिमीटरपर्यंत खचतात. १९१० साली बांधलेल्या स्वातंत्र्यस्तंभाचा पाया पक्का, पण भोवतालची जमीन इतकी खाली गेली की वर चढायला नंतर १४ पायऱ्या जोडाव्या लागल्या.

हा गाळ भूकंपात फार वाईट वागतो. १९ सप्टेंबर १९८५ ला भूकंप झाला तो दूर पॅसिफिक किनाऱ्याजवळ, तीनशेहून जास्त किलोमीटरवर. तरी शहराखालचा गाळ ताटलीतल्या जेलीसारखा डुलला आणि हजारो माणसं दगावली.

त्यानंतर मेक्सिकोनं एक झकास युक्ती केली. किनाऱ्यावर भूकंपमापक यंत्रं बसवली. तिथं जमीन हादरली की ती रेडिओवरून शहराला कळवतात. रेडिओलहरी धावतात सेकंदाला ३ लाख किलोमीटर, आणि जोरात हलवणारी भूकंपाची लाट जेमतेम ३ ते ४ किलोमीटर. करा भागाकार! यंत्रांना खात्री करून घ्यायला काही सेकंद लागतात, ते वजा केले तरी बऱ्याचदा मिनिटभर हाती उरतं. तेवढ्यात रस्त्यावरच्या खांबांवरचे भोंगे केकाटू लागतात.

भोंगा वाजला की वर्गातली सगळी मुलं गुपचूप रांगेत मैदानावर निघतात. तिथल्या पोराटोरांना तीन वाक्यं तोंडपाठ असतात: पळणार नाही, ओरडणार नाही, ढकलणार नाही. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यानं स्पॅनिशमधली हीच तीन आधी शिकावीत, नमस्कार-चमत्कार नंतर!

भूकंप जवळच झाला तर मात्र ही युक्ती तोकडी पडते. २०१७ चा भूकंप शहरापासून सुमारे १२० किलोमीटरवर झाला. भोंगे वाजेवाजेपर्यंत अनेक ठिकाणी जमीन हलायलाही लागली होती. तारीख? पुन्हा १९ सप्टेंबर! त्या दिवशी दरवर्षी भूकंपाची रंगीत तालीम असते, तीही दोनच तासांपूर्वी उरकली होती. २०२२ मध्येही १९ सप्टेंबरलाच, तालीम संपल्यावर तासाभरात खरा भूकंप आला. भूकंपाला कॅलेंडर कळत नाही, हा निव्वळ योगायोग आहे, असं शास्त्रज्ञ सांगतात. मेक्सिकोतली मुलं ते ऐकून घेतात, आणि १९ सप्टेंबरला बूट जरा घट्टच बांधतात.