जोड दिसला की माल सेकंडचा

रोटरी छपाईच्या नेहमीच्या रोलरवर दर 64 सेंटिमीटरला नक्षी फिरून येते. जोड दिसला की थान सेकंडमध्ये जाते, हे भिवंडी-डोंबिवलीच्या व्यापारी बंधूंना सांगायला नको. व्हिडिओ गेमच्या नकाशातही तेच. जमिनीवर चिखल, तडे, सुके गवत यांची चित्रे वरून चिकटवतात. त्यांना डेकल म्हणतात. कडा सरळ कापलेली असली तर ठिगळ दिसते. म्हणून कडेला रंग विरळ करावा, खालच्या मातीची छटा जुळवावी, आणि तेच चित्र दर ठिकाणी फिरवून, लहानमोठे करून लावावे. रफूगर दुसरे काय करतो? डिजिटल छपाईला स्क्रीन लागत नाही. तेव्हा स्क्रीन बनवणाऱ्या कारागिरांच्या मुलांनी हा हुन्नर जरूर शिकावा. ब्लेंडर सॉफ्टवेअर मोफत मिळते. नजर तर घरचीच आहे.